मेजरांच्या अर्धं पाऊल पुढे

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा इथंही मी त्यांना 'हे'च म्हणणार. गाव त्यांना मेजर म्हणायचं. खरं तर तोफखान्यातून ते हवालदार म्हणून सुटून आले होते, पण आमच्या भागात फौजेतून घरी आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. त्या हिशोबानं मी झाले मेजरीणबाई.

ते आले नव्वदच्या आसपास. त्याआधीची सगळी वर्षं आमचा संसार रजेचा होता. ते वर्षातून एकदा यायचे, घर पाहुण्यांनी भरून जायचं, आणि ते परत गेले की मी अंथरुणं-पांघरुणं धुऊन वाळत घालायचे. आमचं गाव निफाडहून लासलगावला जाताना लागतं. बाजारपेठ आहे, हायस्कूल आहे, कादवा नदी आहे, आणि हंगामात रस्त्यानं कांद्याचे ट्रॅक्टर एकामागे एक रांगेनं जातात. सासूबाई गेल्यावर मी आणि मुलगा दोघंच राहिलो. मी बालवाडीत शिकवायला लागले. शिकवणं म्हणजे पोरांची नाकं पुसणं आणि गाणी म्हणणं, पण सकाळी केस विंचरून, घराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून रस्त्यानं एकटी चालत जाणं मला फार आवडायचं. ते कुलूप लावतानाचा आवाजसुद्धा आवडायचा.

ते काळी ट्रंक आणि होल्डॉल घेऊन कायमचे आले त्या आठवड्यातच म्हणाले, "आता मी आलोय. सोड ती बालवाडी. लई केलंस एकटीनं, आता बस निवांत."

प्रेमानंच म्हणाले. मी सोडली. निवांत बसणं मात्र माझ्या वाट्याला आलं नाही, कारण महिन्याभरात गावानं त्यांना ताब्यात घेतलं. सव्वीस जानेवारीला झेंडा मेजरांनी लावायचा. गणपतीच्या मिरवणुकीत पुढे मेजर, म्हणजे पोरं दारू पिऊन नाचणार नाहीत. नळावर बायकांची भांडणं झाली की मेजरांना बोलवा. लग्नात मांडवाच्या तोंडाशी पाहुण्यांना नमस्कार करायला मेजर. आणि कुणी मेलं की सगळ्यात आधी मेजर. कुणाच्याही घरी मयत झाली की बांबू कुठून आणायचा, सरणाचं लाकूड कोण देईल, पाहुणे येईपर्यंत किती थांबायचं, हे सगळं ते बघायचे. स्वतः तिरडी बांधायचे. ज्या घरातल्या बाप्यांना रडण्यातून सुधरत नसे, त्या घरी हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे असायचे. माणूस खरंच चांगला होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यानं तसं वाटणार नाही.

माझ्याकडे चहा होता. दारात सतत कुणी ना कुणी यायचं आणि मी चहा टाकायचे. कुलूप लावायची वेळच येईना, कारण घर कधी रिकामं नसायचं.

मुलगा नाशकात आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात लागला आणि तिकडेच खोली करून राहिला. त्यानंतर काही वर्षांनी मला यांच्या डोळ्यांचं लक्षात आलं. चहा पिऊन झाल्यावर ते कप टेबलावर ठेवायचे तो टेबलाच्या काठाबाहेर. बाजूला उभं असलेलं माणूस त्यांना दिसायचंच नाही, समोरचं नीट दिसायचं. पलंगाच्या कोपऱ्याला नडगी आपटून काळीनिळी पडलेली. दिवसाढवळ्या म्हणायचे, "या बल्बला काय झालंय? बदल की तो."

मी मागे लागून त्यांना नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बराच वेळ तपासलं, मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. काका, इतके दिवस काय करत होता? जी नजर गेली ती परत येत नाही. आहे ती टिकवायचा प्रयत्न करू."

"किती टिकेल?" यांनी विचारलं.

"थेंब न चुकता घाला. बघू."

परतीच्या एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. चांदोरी गेल्यावर बोलले. "हे कुणाला सांगायचं नाय."

"मुलाला तरी सांगू."

"त्यालाबी नाय. कुणालाच नाय. एकदा गावाला कळलं ना, की आधी कीव करतील, मग बोलवायचं बंद करतील. मी काय घरात बसून भिंती बघू? त्याबी दिसणार नायत." मग माझा हात धरून म्हणाले, "माझी शपथ हाय तुला."

एसटीत, चारचौघांत, त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. मी हो म्हणाले.

थेंब घातले, गोळ्या दिल्या, तरी नजर आत आत सरकत गेली. ते सांगायचे, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. मग ती नळीही बारीक होत गेली, आणि दोन-तीन वर्षांत उजेड-अंधार सोडून काही उरलं नाही. आणि त्या सगळ्या काळात ते झेंडे लावत होते, मांडवाच्या तोंडाशी उभे राहत होते, भांडणं सोडवत होते. कारण मी बरोबर होते.

आमच्याकडे बाई नवऱ्याच्या मागून चालते. मी त्यांच्या अर्धं पाऊल पुढे चालायला शिकले. माझ्या कोपराला त्यांचा हात जेमतेम लागलेला असायचा. खड्डा आला की मी खाकरायची, पायरी आली की पदर सारखा करायची, म्हणजे माझा दंड वर उचलला जायचा आणि त्यांना कळायचं. समोरून कुणी आलं की मी मोठ्यानं बोलायची, "अगंबाई, सरपंच! आज इकडं कुठं?" लगेच हे त्या बाजूला मान वळवून, "राम राम सरपंच." घरात मी एकही वस्तू हलवायची नाही. पाण्याचा माठ, खुर्ची, चपला, सगळं एकाच जागी खिळल्यासारखं. कधी मला वाटायचं की मीही त्यातलीच एक वस्तू आहे.

बायका म्हणायच्या, "मेजरीणबाईंचं नशीब लय चांगलं. कुठं जायचं म्हटलं की मेजर जोडीनं नेतात."

मी हसायची.

एका सव्वीस जानेवारीला थोडक्यात वाचलो. हायस्कूलच्या मैदानावर सगळं गाव जमलेलं. मी त्यांना खांबापाशी नेलं, दोर हातात दिला आणि मागे बायकांत जाऊन उभी राहिले. यांनी दोर ओढला. झेंडा आधीच वर बांधून ठेवला होता, पण गाठ सुटली नाही, फुलं पडली नाहीत. ते गठुळं तसंच लटकत राहिलं. आणि यांनी दोन पावलं मागे येऊन कडक सलाम ठोकला. पहिल्या रांगेतल्या पोरी तोंडावर हात धरून हसायला लागल्या. हेडमास्तरांना काय करावं सुचेना.

मी तिथूनच ओरडले, "अहो, अडकलाय! अजून एक हिसका द्या!"

हे पुढे झाले, त्यांनी हात हवेत फिरवून दोर शोधला, जोरात हिसडा दिला, झेंडा उलगडला. राष्ट्रगीत झालं. मग सगळ्यांसमोर हेडमास्तरांकडे वळून ते कडाडले, "हा काय दोर हाय मास्तर? कुजलाय पार. झेंड्याला असला दोर लावता, लाज नाय वाटत?"

हेडमास्तर सज्जन माणूस. मान खाली घालून म्हणाले, "चुकलं मेजर." दोर नवा कोरा होता. मी त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी लाडू पाठवले आणि कशासाठी ते सांगितलं नाही.

पण जिथे बाईमाणूस जात नाही, अशी एक जागा होती. नदीकाठचं अमरधाम, म्हणजे गावचं स्मशान. तिथं ते माझ्याशिवाय जायचे. मी विचारलं तर म्हणाले, "तिरडीचा बांबू एकदा खांद्यावर आला की वाट दाखवायला कुणी लागत नाय. सगळे चालतात तसं चालायचं. येताना कुणीतरी गाडीवर घरी सोडतंच." आणि खरंच सोडायचं कुणीतरी. तिरडी बांधताना तर त्यांना डोळ्यांची गरजच नसे.

माझी आई सिन्नरकडच्या एका खेड्यात भावाकडे असायची. ती आजारी पडली तेव्हा भावाचा फोन शेजारच्या आक्काकडे आला. आक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी विधवा बाई, गावात तिच्याकडे पहिल्यांदा फोन आला होता. मी सकाळी गेले आणि संध्याकाळी परत आले. आईनं माझा पदर धरून ठेवला होता. "राहा गं चार दिवस," म्हणत होती. भावजय बघत होती. मी म्हणाले, "यांचं जेवणाचं अडतं." भावजय फटकन म्हणाली, "मेजरांना एवढं गाव आहे, चार दिवस कुणी जेवू घालणार नाही?" मी आईच्या मुठीतून पदर सोडवून घेतला. पुढचा फोन आला तो आई गेल्याचाच.

मग नातीचा जन्म झाला. लग्नानंतर मुलगा गंगापूर रोडच्या बाजूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता, गावी यायचा तो सणावाराला, उभ्या उभ्या. सुनेची आई नव्हती. मुलगा मला न्यायला मोटरसायकलवर गावी आला आणि मी म्हणाले, "मला नाही जमणार रे."

"का नाही जमणार?"

मी यांच्याकडे बघितलं. ते ओट्यावरच्या खुर्चीत नेहमीच्या ऐटीत बसले होते, पाठ ताठ, मिशा पिळलेल्या. बघणाऱ्याला वाटावं, रस्त्यावर नजर ठेवून आहेत.

मुलगा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "आप्पा, महिनाभर तरी पाठवा तिला. तुमचे कपडे धुवायला बाई लावून देतो, डब्याची सोय करतो."

"तिला नाय यायचं तर मी काय करू?"

"तिला नाही यायचं?" मुलाचा आवाज चढला. "बालवाडी सोडायला लावली ती तुम्ही. सिन्नरची आजी आजारी पडली तेव्हा एक रात्र राहू दिलं नाही तिला. आता नातीचं तोंड बघायचं नाही म्हणता? गावात मोठे मेजर, आणि घरात तिला कैदी करून ठेवलंय तुम्ही."

मला वाटलं, आता हे सांगतील. एवढं ऐकून घेतल्यावर कुणीही सांगेल. त्यांची मान किंचित हलली. पण ते म्हणाले एवढंच, "झालं तुझं बोलून? मग निघ. उन्हं उतरायच्या आत पोचशील."

मुलगा गेला. त्याला माझ्याकडेही बघवेना. मी आत चुलीपाशी बसून राहिले. त्यांना जुलमी नवरा म्हणवून घेणं चाललं, आंधळं म्हणवून घेणं चाललं नाही. आणि मी शपथेला बांधलेली. बोलले तर त्यांना मारल्यासारखं, नाही बोलले तर मुलगा तुटला. ती रात्र, आणि नंतरचे कितीतरी महिने, मी त्या चुलीपाशीच बसल्यासारखे काढले.

असंच चालत राहिलं असतं. पण गावातले एक म्हातारे सोनार वारले. यांचे मित्र. त्या दिवशी सकाळीच मी यांना त्यांच्या दारात सोडलं, यांनी सगळी तयारी केली, दुपारनंतर अंत्ययात्रा निघाली. मी घरी. संध्याकाळ व्हायला लागली, लोक नदीकडून परत येताना दिसले, हे नाहीत. मी ओट्यावर येऊन एकाला विचारलं.

"मेजर? ते तर मघाच निघाले ना. सोनाराच्या जावयाच्या गाडीवर."

सोनाराचा जावई समोरूनच आला. तो म्हणाला, "माझ्याबरोबर? नाय बुवा. मला वाटलं, ते सरपंचाबरोबर गेले."

मी चपला घातल्या आणि निघाले. आक्का ओरडली, "अगं कुठं चाललीस? तिकडं बाई जात नाय!" मी थांबले नाही. नदीकडे उतरणारा रस्ता मी आयुष्यात कधी शेवटपर्यंत चालले नव्हते. परत येणारे चार-दोन पुरुष बाजूला सरून माझ्याकडे बघत राहिले. 

अमरधामात पत्र्याच्या शेडखाली चिता खाली बसत आली होती. बाजूच्या सिमेंटच्या बाकावर हे बसले होते. कपाळावर खोक पडली होती, रक्त सुकलेलं. पांढऱ्या विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल.

मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "आलीस?"

"कसं ओळखलंत?"

"तुझ्या चपला." थोडं थांबून म्हणाले, "जाळाची धग तोंडावर येते, म्हणजे चिता समोर. पाण्याचा आवाज डावीकडं. मग रस्ता मागं पाहिजे म्हणून मागं गेलो, तर खांबाला आपटलो. परत फिरलो तर नदीतच उतरलो. मग बसलो इथं. म्हटलं येईल कुणीतरी."

"हाक का नाही मारली कुणाला?"

 मला त्यांचा राग यायला हवा होता आणि रडू यायला हवं होतं. दोन्ही एकदमच आलं. मी पदर नदीत भिजवून त्यांचं कपाळ पुसलं. पुसता पुसता मी म्हणाले, "मी आता हे करणार नाही."

"काय?"

"हे. तुमचे डोळे व्हायला ना नाही माझी. पण चोरून नाही. मी आईला शेवटचं पाणी नाही पाजलं. नात चालायला लागली असेल, मला तिचा आवाज माहीत नाही. तुमची शपथ मी आज मोडणार आहे. तुम्हाला काय व्हायचं ते होऊ दे."

"लोक बोलवायचं बंद करतील."

"करू दे."

त्यांनी बाकाचा काठ चाचपला. मग उठले आणि पहिल्यांदा, लपवाछपवी न करता, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. तसेच आम्ही चढ चढून बाजारपेठेतून घरी आलो. दुकानांत दिवे लागले होते. जो बघायचा तो उभा राहायचा. घरी आल्यावर मी आक्काच्या फोनवरून मुलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "उद्या येतो."

मुलगा दुसऱ्या दिवशी आला. आल्या आल्या बापाच्या पायाशी बसला. हे म्हणाले, "ऊठ. काय बाईसारखा रडतोस." पण हात त्याच्या डोक्यावरून काढला नाही.

आणि गावाचं त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. पहिला महिना रोज माणसं येत होती. हळहळत होती, कुणी आयुर्वेदिक औषधं सांगत होतं, कुणी देवाचा अंगारा आणत होतं. मग येणं कमी झालं. पुढच्या पंधरा ऑगस्टला झेंडा लावायला सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालेला एक जण बोलावला. यांना पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. हे गेले नाहीत. एका घरी मयत झाली, रडण्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, हे कपडे घालून ओट्यावर बसून राहिले आणि कुणी बोलवायला आलं नाही. "त्यांना कशाला त्रास," असं कुणीतरी म्हटलं असणार. त्या दिवशी त्यांनी ताटाला हात लावला नाही. मी बरोबर केलं की नाही, हे मला त्या ओट्याकडे बघून ठरवता येईना.

मुलानं मग आम्हाला नाशिकला नेलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, एक बाल्कनी. यांना तिथं काही सापडेना. रस्त्याचे आवाज सगळे सारखे, कुणी मेजर म्हणून हाक मारणारं नाही, लिफ्टची भीती. दिवसभर बाल्कनीत बसायचे. आणि मला, खरं सांगायचं तर, तिथं श्वास घेता आला. सून घरी असली की मी नातीला घेऊन खाली उतरायची. मळेकरी बायका पहाटेच्या भाज्या घेऊन कोपऱ्यावर बसायच्या, त्यांच्याशी माझी ओळख झाली. सोसायटीतल्या एका बाईनं लहान मुलांचा वर्ग काढला होता. तिनं विचारलं, "काकू, सकाळी दोन तास याल का गाणी शिकवायला?" मी लगेच हो म्हणाले, घरी न विचारता.

तीन-चार महिन्यांनी एका दुपारी हे म्हणाले, "मला घरी ने."

"हे घरच आहे."

"मला ओट्यावर ने. इथं मी गाठोड्यासारखा पडलोय."

मी भाजी निवडत होते. मला माहीत होतं, हो म्हटलं की संपलं. परत तो ओटा, तो माठ, ती खुर्ची. मी म्हणाले, "वर्षभर थांबा. मुलांचं वर्ष पूर्ण होऊ दे माझ्या."

मला वाटलं, ते चिडतील. ते म्हणाले, "ठीक है." फौजेत म्हणत असतील तसं. आणि त्यानंतर एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. बाल्कनीत बसून राहिले. मी सकाळी चपला घातल्या की त्यांचं तोंड दाराकडे वळायचं, मी येईपर्यंत तसंच असायचं, असं सून सांगायची. ते वर्ष मी आनंदात काढलं असं म्हणवत नाही. गाणी शिकवताना मला ते तोंड दिसायचं.

वर्ष संपल्यावर मी त्यांना घेऊन गावी परतले. मुलगा रागावला, सून रडली. पण मी एक अट घातली होती आणि ती यांनी मान्य केली. दर महिन्याला मी आठ दिवस नाशिकला जाणार. त्या दिवसांत आक्का त्यांना जेवायला देईल.

त्यांना आक्काच्या हातचं आवडायचं नाही. मी निघाले की विचारायचे, "शनिवारी येतेस ना?" मी म्हणायचे, "रविवारी." मग ते म्हणायचे, "माठ भरून ठेवलास?" माठ भरलेला असायचा, त्यांनाही माहीत असायचं.

एसटीत मला बहुतेक वेळा खिडकी मिळायची. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे मागे जायचे, वारा तोंडावर यायचा, पर्स मांडीवर असायची. आणि चांदोरी येईपर्यंत माझं सगळं ध्यान मागे असायचं. चहा ओतताना हात भाजला असेल का. ओट्याच्या पायरीवर कुणी पाट तर ठेवला नसेल. कंडक्टर तिकिटासाठी दोनदा हाक मारायचा तेव्हा मला ऐकू यायचं. चांदोरीच्या पुढे कुठंतरी हळूहळू ते कमी व्हायचं, आणि नाशिक जवळ आलं की मी नातीला शिकवायचं गाणं मनात म्हणून बघायला लागायची.